चौकोनी वायसर

नमस्कार मंडळी. या ग्रुपवरचे अनुभव मी दोन-तीन वर्षं झाली वाचतोय... जेवणाच्या सुट्टीत, कुठल्यातरी भिंतीच्या सावलीला बसून. आणि खरं सांगतो, राग मानू नका, निम्म्या वेळा हसून मोबाईल खिशात टाकलाय. वडाखालची बाई, विहिरीतला आवाज... म्हणायचो, या लोकांना कामधंदा नाही. माझा धंदा पत्र्याचा आहे. गोडाऊन, कोंबड्यांचे शेड, मंगल कार्यालयं, शाळा. वीस-पंचवीस फुटांवर चढून पत्रे बसवायचे, बदलायचे, गळती काढायची. आमच्यात माणसं भुतानं मरत नाहीत, पडून मरतात. त्यामुळं भुताला भ्यायची सवडच कधी मिळाली नाही.

लिहायची सवय नाही मला. दहावी पण दुसऱ्या झटक्यात निघाली. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी बालाजी, वय चौतीस, गाव सिरसाळ्याजवळ. घरी मेंढरं आहेत, वडील अजून राखतात. मला मेंढरामागं फिरायचं नव्हतं, म्हणून विशीत घाटनांदूरच्या रशीद मिस्त्रींच्या हाताखाली लागलो. चौदा वर्षं त्यांच्यासोबत काढली. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, मी भाई म्हणायचो. बारीक अंगाचा माणूस, पायात कायम कापडी बूट. पत्र्यावर चालले तरी खाली आवाज यायचा नाही. तीस वर्षांत त्यांचा पाय एकदाही घसरला नव्हता. हे ते स्वतः कधी बोलायचे नाहीत, दुसरेच बोलायचे. परळीपासून गेवराईपर्यंत या धंद्यात कुणी नवा आला की त्याला सांगायचे — "रशीद मिस्त्रीसारखं चालायला शिक." त्या माणसानं जन्मभरात काय कमावलं म्हणाल, तर हे एवढंच.

पुढचं कळायला आमच्या कामाचं थोडं सांगावं लागेल. सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. त्याच्या खाली लोखंडी अँगल असतात आणि पत्रे त्या अँगलला नटानं आवळलेले असतात. म्हणजे वरून जिथं नटांची ओळ दिसते, तिथं खाली लोखंड असतं. चालायचं ते त्या ओळीवरून. "नटावर पाय ठेव, मरणार न्हाईस..." हा भाईंचा मला पहिल्या दिवशीचा धडा.

पण छत अनोळखी असलं, कुणी केलंय ठाऊक नसलं, तर एक माणूस खाली बांबू घेऊन फिरतो. वरचा चालतो तसा त्याच्या पुढं पुढं. अँगल असेल तिथं खालून दोन टोले द्यायचे, टक टक. म्हणजे ये. अँगल नसेल तिथं बांबूचं टोक पत्र्याला लांब घासायचं, खर्रर्र. म्हणजे थांब. ही भाईंची स्वतःची पद्धत, दुसऱ्या कुणाची मी बघितली नाही. बाकीचे खालून नुसते ओरडतात. भाई म्हणायचे, "वरडल्यावर माणूस दचकतो बे. ठोक्यानं न्हाई दचकत."

उमापूरच्या अलीकडं एक जुनं जिनिंग आहे. मशिनी बंद आहेत, नुसता कापूस ठेवायला वापरतात. चार वर्षांपूर्वी त्याचं अर्धं छत आम्ही केलं. मालकानं दुसऱ्या शेडवरचे काढलेले पत्रे आणून दिले होते. जुन्या पत्र्याला जुनी भोकं असतात, ती नव्या जागेच्या अँगलला जुळत नाहीत. मग ती बुजवावी लागतात. यात भाई लई कडक. रिकामं भोक डांबरानंच बुजवायचं, नट घालायचा नाही. का, तर उद्या कुणी वर आला आणि त्याला नट दिसला, की तो तिथं पाय ठेवणार.

त्या दिवशी डांबर संपलं. आभाळ भरून आलं होतं. भाई पार दुसऱ्या टोकाला होते आणि माझी पाच भोकं राहिली होती. खिशात नट होते... घातले. नटाखालून पाणी गळू नये म्हणून वायसर, म्हणजे रबरी चकती पाहिजे, तर जुन्या हिरव्या स्लिपरचे तुकडे कापून लावले. मला गोल कापता येत नाही, माझे वायसर कायम चौकोनी. भाई त्यावरून चिडवायचे, "तुझ्या हाताला गोल येतच न्हाई का बे? लगीन झालं न्हाई तर भाकर पण चौकोनी खाशील." तर पाच नट, एका सरळ ओळीत. वाटलं, उद्या काढू आणि डांबर भरू. दुसऱ्या दिवशी दुसरीकडचं काम निघालं. मी विसरलो. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडं नाही.

मागच्या हिवाळ्यात त्याच जिनिंगवरून फोन आला, वाऱ्यानं दोन पत्रे तडकलेत म्हणून. आम्ही दोघं गेलो. मी सवयीनं बांबू उचलला.

"ठेव बे तो," भाई म्हणाले. "हे छत आपलंच हाय. आपल्या हातचं कावून ठोकायचं?"

आमच्यात तसंच असतं. दुसऱ्याचं छत ठोकून बघायचं, आपलं नाही. आपलं ठोकणं म्हणजे आपल्याच कामावर शंका घेणं. मी बांबू भिंतीला टेकवला. त्या वेळीसुद्धा मला ते पाच नट आठवले नाहीत.

भाई वर गेले. मी खाली शिडी धरून. थोड्या वेळानं वर मडकं फुटल्यासारखा आवाज आला. मग आत काहीतरी पडलं. मी पळत आत गेलो. कापसाचा मोठा ढीग होता आणि भाई त्याच्या दोन फूट अलीकडं, कोब्यावर. डोळे उघडे. माझ्याकडं बघत नव्हते, वरच्या भोकाकडं बघत होते. म्हणाले, "बाल्या... माझे पाय कुठं हायत?"

पाय तिथंच होते. जाग्यावर होते.

गाडी येईपर्यंत मी त्यांच्याजवळ बसून राहिलो. आजूबाजूला पत्र्याचे तुकडे पडले होते. एका तुकड्यात नट अडकलेला होता आणि त्याच्याखाली हिरवा चौकोनी वायसर. मला सगळं आठवलं... डांबर, आभाळ, सगळं. मी तो नट काढला आणि खिशात घातला. भाईंचे डोळे तेव्हा मिटलेले होते.

मणका मोडला होता. कंबरेखाली जाणीव नाही, येणारही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात शमीमभाभी, भाईंच्या घरच्या, माझा हात धरून विचारत होत्या, "कसं झालं भैया? तुमी तर होते ना तिथं?"

मी म्हणालो, "पाय घसरला."

बस. दोन शब्द. महिन्याभरात ते सगळीकडं झालं. रशीद मिस्त्री घसरला. चहाच्या टपरीवर, हार्डवेअरच्या दुकानात, लोक मला सांगायचे, "वय झालं रे. नजर कमी झाली आसंल. कवातरी व्हायचंच होतं." आणि मी मान हलवायचो.

आता तुम्हाला वाटेल, मी रडलो असेन, झोप उडाली असेल. तसं काही झालं नाही. मी जेवत होतो, झोपत होतो, कामाला जात होतो. हाताला चटका बसला तरी उशिरा कळायचं. एकदा बायको म्हणाली, "तुम्हाला कायी वाटतं का न्हाई हो?" मी खरंच विचार केला आणि म्हणालो, "न्हाई वाटत." घाटनांदूरला दोनदा जाऊन आलो, मग जाणं बंद केलं. आणि एक केलं — काम एकट्यानं करायला लागलो. खाली माणूस ठेवायचा नाही, बांबू घ्यायचा नाही. पडलो तर पडलो. मरायची इच्छा होती असंही नाही. नुसतं कशाचंच काही वाटत नव्हतं.

तो नट मात्र माझ्या हत्याराच्या पिशवीतच होता. फेकवला नाही.

आता जे सांगायला बसलोय ते. गेल्या एप्रिलमधली गोष्ट. सिरसाळ्यात बाजाराच्या मागं एका आडत्याचं गोडाऊन आहे. छत जुनं, सिमेंटचं, कुणी केलंय कुणाला ठाऊक नाही. मालक लग्नाला गेला होता. फोनवर म्हणाला, गोडाऊन रिकामं आहे, किल्ली शेजारच्या चहावाल्याकडं आहे, तू बाहेरून चढून फुटके पत्रे मोजून ठेव. मी किल्ली घेतलीच नाही. आत जायची गरजच नव्हती. शिडी लावली आणि चढलो. साडेबारा झाले असतील. ऊन असं की बुटातून चटके बसत होते. खाली रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

नटांची ओळ धरून चाललो होतो. दोन पत्रे पार झाले. तिसऱ्यावर ठेवायला पाय उचलला, आणि खालून आवाज आला.

खर्रर्र.

मी पाय तसाच धरला. वाटलं घूस असेल, पारवा असेल. घूस वीस फुटांवर कशाला जाईल? तरी वाटलं. पुन्हा पाय पुढं केला. पुन्हा खर्रर्र... आणि या वेळी बुटाच्या तळव्याला कळलं. बरोबर मी पाय ठेवणार तिथंच कुणीतरी खालून घासत होतं.

"आत कोण हाय बे?" मी ओरडलो. उत्तर नाही.

मग डाव्या बाजूला, दीड-दोन फुटांवर — टक टक.

तिथं नट नव्हता. एकही नाही. चौदा वर्षांत नट नाही तिथं मी पाय ठेवला नव्हता. पुन्हा टक टक. घाई नाही, राग नाही, जसा भाई ठोकायचे तसाच ठोका. दोन टोल्यांत तेवढंच अंतर.

भीती वाटली का? हे मी स्वतःला लई वेळा विचारलंय. नाही वाटली. मी नुसतं ऐकलं. डावीकडं सरकलो, जिथं नट नव्हता तिथं पाय ठेवला, आणि पाय घट्ट बसला. खाली लोखंड होतं. पुढं पुन्हा टक टक. मग पुन्हा. माझ्या एकेक पावलाच्या पुढं ते चालत होतं. तसं ते मला पार कडेच्या भिंतीपर्यंत घेऊन आलं आणि थांबलं.

भिंतीवर बसून मी हातोडी काढली, त्याच वाटेनं थोडं माघारी सरकलो, पोटावर पडून हात लांब केला आणि त्या तिसऱ्या पत्र्यावर, नटांच्या ओळीवर, हलकेच मारली. हलकेच. सगळा तुकडा नटांसकट आत गेला. खाली अँगलच नव्हता. जुन्या भोकात कुणीतरी नट कोंबून ठेवले होते. वायसर गोल होते, माझे नव्हते. पण माणूस माझ्यासारखाच कुणीतरी.

उतरलो. चहावाल्याकडं किल्ली मागितली, तोही सोबत आला. कुलूप चांगलं गंजलेलं, दोघांनी मिळून उघडलं. आत काही नाही. रिकामं गोडाऊन, आणि जमिनीवर तुरीच्या भुशाची बारीक धूळ, सगळीकडं सारखी. त्यावर एक पाऊल नाही. बांबू नाही, शिडी नाही, काठी नाही. नुसते मी पाडलेले तुकडे. एक तुकडा उलटा पडला होता. खालची बाजू धुरानं आणि धुळीनं काळी झालेली, आणि तिच्यावर एक लांब पांढरा ओरखडा. ताजा.

चहावाला म्हणाला, "उन्हानं पत्रा वाजतो मिस्त्री. डोकं तापलंय तुमचं. चला, चहा घ्या." उन्हानं वाजतो तो लोखंडी पत्रा, सिमेंटचा नाही. एवढं मला कळतं. तरी चहा प्यालो. गाडी काढली आणि घराकडं वळायचं सोडून घाटनांदूरचा रस्ता धरला. का, ते आजही सांगता येणार नाही.

भाभींनी दार उघडलं. "आलात भैया. लई दिवसांनी." एवढंच म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. भाई खिडकीजवळ लोखंडी खाटेवर पडले होते, डोळे मिटून. निम्मे झाले होते. मी खाली बसलो. भाभी चहाचं आधण ठेवत आतूनच सांगायला लागल्या.

"बरं झालं आलात. कुणाला तरी सांगायचंच होतं मला. आज दुपारी बघा, झोपलेत म्हणून मी भांडी घासत होते. तर खाटेच्या लोखंडाला चमचा घासायला लागले. खर्रर्र करून. मला वाटलं पाणी पायजे. आले, हाक मारली, तर डोळे मिटलेले. हाकेला ओ न्हाई. मग चमच्यानं ठोकायला लागले... दोन-दोनदा, थांबून थांबून. किती तरी येळ. अंगाला घाम फुटलता नुसता. मी तर घाबरून गेलते या अल्ला."

"किती वाजले होते भाभी?"

"जोहरची अजान व्हायची होती की अजून. एकाच्या आधी बघा."

सिरसाळ्याचं काहीच बोललो नाही. तिथं काय झालं, मी कुठून आलो, काहीच नाही. हत्याराची पिशवी उघडली, तो नट काढला आणि भाईंच्या हाताजवळ ठेवला.

"भाई."

त्यांनी डोळे उघडले.

"हा माझा हाय. तुमचा पाय घसरला न्हाई. डांबर संपलं म्हणून मी नट घातलते. आणि सगळ्यांना खोटं सांगितलं."

भाईंनी नट उचलला. अंगठ्यानं वायसर चाचपला. चारही कोपरे, एकेक करून.

"ठाऊक हाय बे मला," ते म्हणाले. "पाय टाकायच्या टायमाला दिसलं. हिरवं, चौकोनी. पण तवर वजन पुढं गेलतं."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"सांगून काय? कंबर येती का माघारी? तुला पत्र्यावर कोण चढू देईल मग? लेक हाय तुला." नट माझ्याकडं सरकवत म्हणाले, "तू बी कुणाला सांगू नको आता. झालं ते झालं."

भाभी कपबशी घेऊन दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. कप माझ्यासमोर ठेवला आणि आत गेल्या. परत बाहेर आल्या नाहीत. मी चहा प्यालो. मला रडू यायला पाहिजे होतं, आलं नाही.

निघायच्या आधी विचारलं, "भाई, दुपारी चमचा कावून वाजवत होता तुमी?"

"कोण, मी?" त्यांना खरंच कळेना. "मी झोपलतो की."

चमचा उशाला होता. टोकाशी पार घासून गेलेला. मी बूट घालत होतो तेव्हा मागून त्यांनी हाक मारली.

"बाल्या."

"जी भाई."

"एकटा चढत जाऊ नको बे. खाली माणूस ठेवीत जा."

मंडळी, मी एकटा चढतो हे त्या घरात मी सांगितलेलं नव्हतं. आता कुणी म्हणेल, दुसऱ्या कुणाकडून कानावर गेलं असेल. गेलं असेल. कुणी म्हणेल, चमचा आणि वेळ हा योगायोग. असेल. कुलूपबंद गोडाऊनमध्ये कोण ठोकत होतं, ते तुम्ही सांगा, मला सांगता येत नाही. मी त्याचा विचार करणं आता सोडून दिलंय. मला दुसरंच कळत नाही. ज्याच्या पायाखाली मी खोटा नट ठेवला, तो माणूस माझ्या पायाखाली कशाला येईल?

त्यानंतर आम्ही केलेली जुनी छतं मी एकेक करून पुन्हा चढून बघितली. खाली माणूस ठेवून, बांबूनं ठोकून. आणखी दोन ठिकाणी माझे चौकोनी वायसर सापडले. काढले, डांबर भरलं. दर शुक्रवारी घाटनांदूरला जातो. भाभी चहा ठेवतात, माझ्याशी बोलत नाहीत. भाई बोलतात, थोडंथोडं, पत्र्याचंच.

त्यांनी सांगू नको म्हटलं होतं. तरी लिहितोय. परळीपासून गेवराईपर्यंत आमच्या धंद्यातलं जे कुणी हे वाचेल, त्यानं चार लोकांना सांगावं. रशीद मिस्त्रीचा पाय घसरला नव्हता.